बॅकअप आहे, पण माहिती परत येते का?

दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी सर्व्हर बंद पडले. रॅन्समवेअरच्या हल्ल्यात पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. नोंदणी, रिपोर्ट, बिले ही कामे बरेच दिवस कागदावर करावी लागली. तरीही 'ई-हॉस्पिटल'ची सर्व माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता.

आज वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्येही रिसेप्शन, लॅब, औषध दुकान आणि सोनोग्राफीचे संगणक एकमेकांना जोडलेले असतात. कोणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, मागच्या महिन्यात क्रिएटिनिन किती होते, हे त्यांतच असते. भरती रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपण्याचे बंधनही डॉक्टरांवर आहे. त्यामुळे बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. एरवी किंमत आणि जागा पाहून ते घेतले जाते. खरे तर आधी पुढील प्रश्न विचारायला हवेत.

किती काम बुडाले तर चालेल? बॅकअप रात्री एकदाच होत असेल आणि संध्याकाळी पाचला सर्व्हर बिघडला, तर दिवसभराचे रिपोर्ट गेले. ते परवडणारे नसेल, तर दर तासाला फक्त बदललेला भाग साठवणारे सॉफ्टवेअर घ्यावे.

काम किती वेळात सुरू व्हायला हवे? फक्त क्लाउडवर विसंबणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवर एक टेराबाइट माहिती उतरवायला, वेग कुठेही कमी झाला नाही तरी, सुमारे २२ तास लागतात. एक्स-रे, सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठवणाऱ्या ठिकाणी एक टेराबाइट काहीच नव्हे. म्हणून एक प्रत जवळही हवी.

प्रती कुठे आहेत? यासाठी '३-२-१' हा जुना, सोपा नियम आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर. रॅन्समवेअर नेटवर्कमधून पसरते आणि हाताला लागलेला बॅकअपही कुलूपबंद करते. त्यामुळे एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता न येणारी असावी. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क या कसोटीला उतरत नाही. फाइल आपोआप क्लाउडवर जुळवून ठेवणारी सोयही पुरेशी नाही; इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, हे विचारून घ्यावे.

चालू डेटाबेसची प्रत नीट घेता येते का? रुग्णालयाचे सॉफ्टवेअर सतत नोंदी लिहीत असते. त्या वेळी साधी कॉपी केली, तर अर्धवट लिहिलेली, न उघडणारी फाइल हाती येऊ शकते. आपला डेटाबेस चालत्या स्थितीत नीट साठवता येतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. प्रतीला पासवर्ड लावणे आवश्यकच आहे. पण तो एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर बॅकअप असून नसल्यासारखाच.

खुद्द बॅकअपच्या यंत्रणेतही चूक होऊ शकते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या बॅकअप प्रोग्रॅममधील दोषामुळे सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-माहिती पुसली गेली. 'बॅकअप यशस्वी' अशी हिरवी खूण दिसली म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

ऑपरेशन थिएटरचा जनरेटर वीज जाण्याआधीच चालवून पाहतात. तेच इथे करावे. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी चाचणीची मुदत मागून घ्यावी. वेगळ्या संगणकावर, घड्याळ लावून, मागच्या महिन्यातील एका रुग्णाची पूर्ण फाइल परत आणावी आणि रिपोर्ट, प्रतिमा उघडतात का ते पाहावे. नंतर दर तीन महिन्यांनी संपूर्ण सर्व्हर परत उभा करून पाहावा आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. विक्रेता अशी चाचणी द्यायला टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी दुसरे सॉफ्टवेअर शोधावे.