‘घेऊ नका’ म्हणणारा वकील

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमचे थोरले बंधू नोकरीतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले आणि जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला एक बैठे घर त्यांनी पसंत केले. दोन खोल्या, पुढे अंगण, कोपऱ्यात कढीपत्त्याचे झाड. दलाल ओळखीचा, विकणारे दोघे भाऊ वागायला सज्जन. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेले. वडील वारले, तेव्हा दोघा भावांची नावे उताऱ्यावर लागलेली. दसऱ्याच्या मुहूर्तावर बयाणा देऊन सौदापावती करायची, असे ठरले. कागदपत्रे कोणी पाहिली? तर रजिस्ट्री कचेरीबाहेर बसणाऱ्या एका बाँड रायटरने. ‘‘सगळं क्लिअर आहे, काका,’’ असा त्याचा निर्वाळा होता.

अडून बसल्या त्या वहिनी. त्यांचे माहेर धुळ्याचे. ‘‘आमच्या वकिलकाकांना एकदा दाखवा, मग द्या कोणाला द्यायचे ते पैसे,’’ असे त्यांनी बजावले. बंधू कुरकुरतच कागदांची पिशवी घेऊन धुळ्याला गेले. वकील सत्तरीच्या पुढचे. त्यांनी उतारा पाहिला, घरपट्टीची पावती न वाचताच बाजूला सारली आणि चष्मा काढून अहिराणीत एवढेच विचारले, ‘‘त्यासले बहिनी कितल्या शेतस?’’

बंधूंना ते ठाऊकच नव्हते.

घर घेताना वकील कसा निवडावा, असे कोणी विचारले की मला हा प्रश्न आठवतो. मुंबईत या कामाला सॉलिसिटर असतात. तिथल्या हायकोर्टात सॉलिसिटर आणि अ‍ॅडव्होकेट अशी कामाची वाटणी होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ती कायद्याने उरली नाही, पण सॉलिसिटरची परीक्षा आणि पेढ्या राहिल्या. आपल्याकडे, जळगाव-धुळ्याकडे, सॉलिसिटर हा शब्द फक्त सिनेमात ऐकू येतो. इथे असतो तो दिवाणी वकील. आणि बहुतेक कुटुंबे त्याच्याकडेही जात नाहीत. बाँड रायटर मजकूर तयार करतो, दुय्यम निबंधकांपुढे फोटो आणि अंगठे होतात, पेढे वाटले जातात.

इथेच मोठी गल्लत होते. रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकीची खात्री दिली, असे आपण समजतो. तसे नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली निबंधक दस्ताची नोंद करतो. विकणाऱ्याच्या मालकीचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. म्हणजे विकणाऱ्याची मालकी तपासून घेण्याची जबाबदारी अखेर आपली. त्यात बाँड रायटरचा दोष नाही. तो लिहिण्याचे पैसे घेतो, शोधण्याचे नव्हे.

शोध म्हणजे काय? मागच्या ३० वर्षांत त्या मिळकतीचे कोणते दस्त नोंदले गेले, हे सूची दोनवरून पाहायचे. गहाण सोडवून घेण्याची मुदत कायद्याने ३० वर्षे आहे, म्हणून शोधही तेवढा मागे नेण्याची वहिवाट आहे. पण सूचीत नोंदलेलेच दिसते, न नोंदलेले दिसत नाही. म्हणून फेरफार वाचावे लागतात. कोण कधी वारले, वारस म्हणून कोणाची नावे लागली आणि कोणाची गाळली, हे त्या रुक्ष नोंदींत असते. पिंप्राळा, मेहरूण, देवपूर या भागांतल्या वस्त्या शेतांवर उभ्या राहिल्या. तेव्हा जमीन बिनशेती कधी झाली, मंजूर ले-आऊटमध्ये हा प्लॉट आहे की तो बागेसाठी सोडलेला तुकडा आहे, हेही पाहावे लागते. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतल्या धाब्याच्या घरांचे दुखणे निराळे. तिथे भिंत सामाईक, बोळ कोणाचा ते कागदावर नाही आणि आजोबांच्या वाटण्या तोंडी. राजवाड्यांनी जन्मभर गोळा केलेले जुने कागद ज्या धुळ्यात संशोधन मंडळाने १९२७ पासून जपले, त्याच गावात घराचा मूळ दस्त मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी खात असतो!

बंधूंच्या प्रकरणात फेरफारच्या नोंदीतून दोन बहिणी निघाल्या. एक शिरपूरला दिलेली, दुसरी सुरतेला. दोघींनी हक्क सोडल्याचा कागद होता, पण तो शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. वकिलकाकांनी तो नुसता उलटा करून टेबलावर ठेवला. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते; नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. आणि वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मापासूनचा हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने त्यातली शंकाही फिटली. आपल्याकडे मात्र बहिणीला साडीचोळी केली की तिची सही झाली, असे अजूनही धरून चालतात.

मग असा वकील हुडकायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, तेव्हा पाटीच्या आकारावरून काही ठरवू नये. खुनाच्या खटल्यात गाजलेला फौजदारी वकील इथे उपयोगाचा नाही. कोर्टात दिवाणी दावे चालवणारा हवा, कारण कागद कुठे फाटतो ते त्याने पाहिलेले असते. दलालाने सुचवलेला नको. विकणाऱ्याचा तर नकोच, मग तो कितीही भला असो. एकाच वकिलाने दोन्ही बाजू सांभाळल्या की खर्च वाचतो, पण पेच पडल्यावर तो कोणाचा? बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाची फी आपण भरतो, पण त्याचा अहवाल असतो बँकेसाठी. नोंदी स्वतः पाहिल्या की कारकुनाला धाडले, हे विचारायला संकोच करू नये. शोधाचा अहवाल लेखी आणि सहीचा घ्यावा, फी आधी ठरवावी. पेपरात जाहीर नोटीस द्यायची का, तेही विचारावे. आपण रविवारी शब्दकोड्याकडे जाताना ओलांडतो त्या बारीक अक्षरांतल्या नोटिसा एखाद्याचे घर वाचवतात. आणि हे सारे बयाण्याच्या आधी. सौदापावती झाल्यावर वकिलाकडे जाणे म्हणजे मांडवात बसल्यावर पत्रिका दाखवणे.

विकणाऱ्यांनाही वकील लागतो, हे तर कोणाच्या ध्यानीच येत नाही. मुले पुण्याला किंवा परदेशी, म्हातारी आई धुळ्यात एकटी, आणि कोणीतरी भला माणूस मुखत्यारपत्र लिहून मागतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. पण मुखत्याराने परस्पर नोंदवलेल्या खरेदीने ती जाऊ शकते. शिवाय चेक वटण्याआधी ताबा देणारे किती तरी!

बंधूंच्या वकिलांनी सांगितले, दोघी बहिणी खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करत असतील तरच घ्या. नाहीतर घेऊ नका. शिरपूरची तयार झाली. सुरतेची म्हणाली, माझा वाटा द्या, मग सही. भाऊ रागावले, दलालाने बोलणे सोडले, दसरा गेला, दिवाळी गेली. घर दुसऱ्या कोणीतरी त्या नोटरी कागदावर विसंबून घेतले. पुढच्याच वर्षी सुरतेच्या बहिणीने दावा लावला. त्यात अजून तारखा पडत आहेत.

बंधूंनी नंतर दुसरे घर घेतले, थोडे लहान, अंगण नसलेले. पहिल्या वेळची वकिलाची फी मात्र त्यांना कितीतरी दिवस टोचत होती. घर मिळालेच नाही, तर पैसे कसले, असा त्यांचा सवाल. ती फी अखेर वहिनींनी आपल्या डब्यातल्या पैशांतून, धुळ्याला जाऊन, स्वतः दिली.