विजेच्या बसगाड्या व त्यांचा धूर

मुंबईच्या 'बेस्ट'ची डीझेल तेलावर चालणारी शेवटची दुमजली बस ता. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं अंधेरीहून निघाली, तेव्हां तिला निरोप देण्यास पुष्कळ लोक जमले होते. त्यांच्या गहिंवराशीं आमचें भांडण नाहीं. वरच्या मजल्यावर अगदीं पुढें बसण्याची हौस आम्हांसही होतीच. परंतु डीझेलच्या गाडीमागें रस्ता ओलांडण्यास उभें राहून ज्यांनीं काळा धूर गिळला आहे, त्यांस दुसरी बाजूही ठाऊक आहे. त्याच वर्षीं फेब्रुवारींत विजेची दुमजली बस धांवूं लागली होती. तिला धुराचें नळकांडेंच नाहीं.

विजेचें वाहन मुंबईस नवें नव्हे. १८७४ सालीं तेथें घोड्यांची ट्राम निघाली व १९०७ सालीं विजेची. ती १९६४ सालीं बंद झाली. रुळांवांचून धांवणारी ट्रॉलीबस १९६२ सालीं आली आणि १९७१ सालीं गेली. या दोघींनाही डोक्यावरील तार सोडून जातां येत नसे. आतांची बस आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते.

ही शिदोरी म्हणजे लिथियम धातूच्या योगानें वीज सांठविणारी बॅटरी. तिच्यांतील एक गंमत विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. डीझेलची गाडी ब्रेक लावून थांबविली कीं तिची सारी गति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. विजेच्या बसमध्यें मात्र वेग कमी करतांना चाकेंच मोटारीस फिरवितात, मोटार त्या वेळीं वीज उत्पन्न करते, आणि गेलेल्या शक्तीचा कांहीं भाग बॅटरींत परत येतो. थांब्याथांब्यास थांबणें ज्या गाडीच्या नशिबीं आहे, तिला ही युक्ति विशेष मानवते. बॅटरी जड व महाग असते, ती भरण्यास वेळ लागतो, हें खरेंच. तथापि चीनमधील शेंझेन शहरानें २०१७ सालअखेर आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या.

आतां 'निर्धूम' या शब्दाविषयीं. तो आम्हांस अर्धाच खरा वाटतो. मुंबईस खोपोलीच्या जलशक्तीची वीज १९१५ पासून मिळते, पण ट्रॉंबे येथें कोळसाही जळतो. म्हणजे रस्त्यावरील धुराचा कांहीं अंश दूरच्या धुराड्यांत गेला इतकेंच. शिवाय टायर झिजून उडणारी धूळ राहतेच. तरीही हा बदल आम्हांस इष्ट वाटतो. बसचा धूर शाळेच्या वाटेवर मुलांच्या नाकाशीं निघतो. धुराडें उंच असतें, आणि हजार गाड्यांपेक्षां एका धुराड्यास गाळणी बसविणें सोपें. पुढें सूर्यापासून व वाऱ्यापासून मिळणारी वीज वाढली, तर हीच बस एकही खिळा न बदलतां अधिक स्वच्छ होईल. डीझेलच्या बसला तें साधत नाहीं. ती जुनी झाली कीं अधिकच धूर ओकूं लागते.