निबंधाने रस्ता सुरक्षित होत नाही

पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो मुलगा अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. देशभर संताप उसळला आणि मंडळाला तीनच दिवसांत त्या आदेशाचा फेरविचार करावा लागला. संताप योग्यच होता. परंतु रस्ता सुरक्षेच्या नावाखाली आपल्या शाळाही वर्षानुवर्षे मुलांकडून निबंधच लिहून घेत आल्या आहेत, हे त्या गदारोळात कोणाच्या ध्यानात आले काय?

दर वर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. घोषवाक्ये रंगविली जातात, प्रभातफेरी निघते, सामुदायिक शपथ होते. शाळा सुटली की शपथ घेतलेलीच मुले एका स्कूटरवर तिघे-चौघे बसून, हेल्मेटविना घरी जातात. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत 18 वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांहून अधिक, म्हणजे दररोज सुमारे 26 होती. एखाद्या लहानशा वर्गाचा पट रोज पुसला जावा, तसाच हा प्रकार होय.

रस्ता हा पाठांतराचा विषय नव्हे. तो पाहण्याचा, मोजण्याचा आणि अंगवळणी पाडण्याचा विषय आहे. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला 10 मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ते 10 मीटर पुढे गेलेले असते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या वेगाला 10 मीटरांत थांबणारी गाडी दुप्पट वेगाला 40 मीटर घेते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे सूत्र फळ्यावर लिहून न थांबता मैदानावर फक्कीच्या रेषा आखाव्यात आणि मुलांना ते अंतर पावलांनी मोजू द्यावे. धावत्या वाहनासमोरून रस्ता ओलांडणे म्हणजे काय, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.

शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे, हा आक्षेप खोटा नाही. पण यासाठी नव्या तासिकेची गरज नाही. आठवीच्या मुलांनी शिक्षकांसह फाटकाच्या आत उभे राहून अर्धा तास हेल्मेट घातलेले व न घातलेले चालक मोजावेत. गणिताच्या तासाला त्याचा आलेख काढावा. भूगोलात आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून धोक्याच्या जागा दाखवाव्यात. मराठीच्या तासाला काल्पनिक पत्राऐवजी नगरपालिकेला खरा अर्ज लिहावा आणि त्या जागी झेब्रा पट्टे मागावेत. उत्तर आले तर ते वर्गात वाचावे, न आले तर स्मरणपत्र धाडावे. नागरिकशास्त्र याहून वेगळे ते काय असते? ज्या शाळांत आर. एस. पी.चे पथक आहे, त्यांनी ते संचलनापुरते न ठेवता या कामाला लावावे.

अर्थात मुलांनी काढलेला आलेख पालकसभेत मांडला गेला, तर त्यात आई-वडिलांचेही आणि गुरुजनांचेही दर्शन घडेल. तेच आवश्यक आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने केली आहे. तरीही दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली ठेवणारे घर आपल्या परिचयात नाही, असे किती जण छातीठोकपणे म्हणू शकतील? गुरुजी हेल्मेट हँडलला अडकवून फाटकातून आत येत असतील, तर त्यांच्या व्याख्यानाचे मोल मुले बरोबर जाणतात.

निबंध अवश्य लिहावा. पण तो मोजणी करून, नकाशा काढून, अर्ज पाठवून झाल्यावर लिहावा. म्हणजे त्यात लिहिण्यासारखे काही असेल. अपघातानंतर लिहावयाच्या निबंधाने गेलेला जीव परत येत नाही.