ज्वारीची भाकर आणि तिची सोबत

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पूर्वी पऱ्हाटीबरोबर ज्वारी आणि तूर घरोघरी पेरली जाई. पुढे ज्वारीची बरीच जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन बाजारात जाते आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात ज्वारीचे कौतुक झाले. मग आजीची भाकर खरोखरच आरोग्याची आहे काय?

आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकाच चोथा असतो. पांढऱ्या तांदळात चोथा फारच कमी.

पण दुसरी बाजूही ऐका. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. त्यात अंगाची उघडी कातडी काळवंडते, जुलाब होतात, मन भ्रमते. दख्खनमध्ये मुख्यतः ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांत तो आढळे. भाकरीसोबत ताटात दुसरे पुरेसे काही नसे.

म्हणून भाकरीला सोबत हवी. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी, तो तुरीत भरपूर. शेतात शेजारी वाढणारी ही पिके ताटातही एकत्र यावीत. आंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालण्याची आपली रीत म्हणूनच चांगली. वर लिंबू पिळावे, लोह अंगी लागते. पीठ रात्रभर ताकात आंबवून आंबील केली, तर लोह अडवणारे द्रव्यही कमी होते.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र भाकरही मोजूनच खावी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नये. पावसात सापडून बुरशी लागलेली ज्वारी दळू नये.

रानडुकरांमुळे आणि पाखरांमुळे ज्वारी राखणे अवघड झाले आहे, हे खरे. तरी चार शेजाऱ्यांनी लागून लागून घरापुरती पेरली, तर राखण वाटून घेता येईल. जनावरांना कडबाही होईल.

आणि बंधूंनो, एक गोष्ट आज रात्रीच पाहा. घरची बाई सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या भाकरीसोबत वरण उरते, की नुसता ठेचा? तिचे वरण आधी बाजूला काढून ठेवा.