कामगाराचा हवापालट

हवापालट हा शब्द आपल्याकडे सुखवस्तू घरांत वाढला. आजारातून उठलेला माणूस महिनाभर लोणावळ्यास किंवा पाचगणीस राहून येई, त्यास हवापालट म्हणत. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून दरसाल पुष्कळ माणसे पोटासाठी येतात. हवा त्यांचीही पालटते. मात्र तिची विचारपूस कोणी करीत नाही.

ही वस्ती मुळातच परक्या हवेतून आलेल्यांची आहे. फाळणीनंतर सिंधमधील कुटुंबे पिंपरीच्या छावणीत आली. कोरड्या मुलखातून आलेल्या त्या लोकांनी सह्याद्रीच्या पायथ्याचा पावसाळा येथेच पहिल्यांदा पाहिला असेल. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात मोटारींचे कारखाने आले, तेव्हा माणसे सातारा, सोलापूर, मराठवाडा येथून आली. चाकणला मोठे कारखाने उभे राहिले ते १९९९ नंतर, आणि मग आगगाडीत दोन रात्री काढून येणारा कामगार दिसू लागला.

‘पुण्याची हवा चांगली, यांना कसला त्रास?’ असे कोणी म्हणेल. हवा चांगली आहे हे खरे. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. ढग घाटमाथ्यावर रिते होतात; लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यास सातशेच्या आसपास. पाटण्यास आणि भुवनेश्वरास पुण्याहून अधिक पाऊस पडतो, तरी तिकडचा माणूस येथे पावसाळ्यात कंटाळतो. कारण आपली झड मोठी नसते, पण चिवट असते. ऊन पडत नाही, वारा सुटतो, आणि एकच गणवेष असलेल्याचा गणवेष चार-चार दिवस वाळत नाही.

उन्हाळ्याची गोष्ट याच्या उलट आहे. गंगेकाठच्या दमट उकाड्यात घाम अंगावरून वाहतो. किती पाणी गेले ते दिसते. आपल्या एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात घाम येताच सुकतो. अंग कोरडे लागते म्हणून माणूस पाणी पीत नाही, आणि दुपारी भट्टीपुढे त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. होळीला गावी जाऊन परतलेला एक ओडिया मुलगा एका फोर्जिंगच्या कारखान्यात असाच कोसळला, तेव्हा मुकादमाने तो प्यायला आहे असे ठरवून त्याला फाटकाबाहेर काढले. त्याने दारूला कधी हात लावलेला नव्हता.

शरीराला उष्णतेची सवय साधारण एक ते दोन आठवड्यांत होते. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, नाडीची धावपळ थांबते. मात्र महिनाभर गावी राहिले की ही कमाई बरीचशी खर्ची पडते. म्हणून अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, नवख्याला पहिल्या दिवशी तापत्या जागी पाळीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक उभे करू नये व रोज तेवढाच हिस्सा वाढवावा. जुना माणूस सुट्टीवरून आला असेल तर पहिल्या दिवशी निम्म्यावर ठेवावा. याला यंत्र लागत नाही की भांडवल लागत नाही. हजेरीच्या वहीत कोण कधी परतला एवढे पाहिले की पुरते.

याचा अर्थ असा की हवा माणसाला पंधरा दिवसांत आपलेसे करते. करीत नाही ती खोली. रात्रपाळी करून आलेला माणूस एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली झोपणार, आणि तो उठला की त्याच गादीवर दिवसपाळीचा सोबती पडणार. त्या गादीला ऊन कधी दाखवायचे? या सभेत खोलीमालकही बसतात म्हणून सांगतो: पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला तर खोलीचा ताव उतरतो, आणि खर्च भाड्याच्या मानाने किरकोळ आहे.

आजार बहुधा पहिल्याच पावसाळ्यात गाठतो. कामगार विमा योजनेत औषधोपचार नोकरी लागल्यापासून मिळतात. आजारपणाचा रोख भत्ता मात्र नव्या माणसाला सुमारे नऊ महिन्यांनंतरच, असा नियम चालत आला आहे. होळीनंतर लागलेला माणूस जुलैत तापाने पडला तर दवाखाना आहे, पगार नाही. म्हणून तो तापातच कामावर जातो.

कायद्याने हवेचा विचार केलाच नव्हता असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांत, तापमान वीस अंशांखाली जाते तेथे ठेकेदाराने दोन वर्षांतून एकदा लोकरी कोट आणि विजार द्यावी, असे होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बारा अंशांपर्यंत उतरतो. असा कोट वाटणारा ठेकेदार मी या पट्ट्यात पाहिलेला नाही. त्या कायद्यात विस्थापन भत्ताही होता, महिन्याच्या वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी अधिक असेल तो. पण हे सारे ठेकेदाराने आणलेल्यांना. स्वतः तिकीट काढून आलेला त्या व्याख्येत बसत नसे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत स्वतः आलेल्याचीही गणना होते, आणि गावी जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद आहे. विस्थापन भत्ता तेवढा गेला. भाडे मागायचे तर आपण परराज्यातले आहोत याची कारखान्यात नोंद हवी, आणि ती आपण भरतीच्या वेळीच करून घेतली पाहिजे.