धुऱ्यावरचं पाळणाघर

दिवाळीच्या सुट्या लागतात, तेव्हाच तेल्हारा तालुक्यात कापसाची वेचणी जोर धरते. सकाळी बायांचा घोळका शेताकडे निघतो, त्याच्या मागे दोन-तीन पोरी चालतात. कोणी चौथीतली, कोणी सातवीतली. कडेवर एकेक लेकरू, हातात पाण्याची बाटली आणि काखोटीला जुनं लुगडं.

त्या लुगड्याची झोळी होते. धुऱ्यावरच्या लिंबाची मनगटाहून जाड फांदी पाहायची, लुगडं दुहेरी करून तिच्यावरून टाकायचं, गाठ मारायची. मग मोठी पोरगी स्वतःच लोंबकळून बघते. फांदी करकरली नाही तर लेकरू आत. झोळीचं तोंड मिटू नये म्हणून पऱ्हाटीची काडी आडवी अडकवलेली असते. खाली मुंग्या आहेत का, हे बघणं धाकटीकडे.

पुढची वाटणी न बोलता होते. एक झोका देते, एक रांगणाऱ्याच्या मागे धावते, तिसरी भांडणं सोडवते. फवारणीच्या औषधाचं रिकामं डबडं कुठे पडलंय का, यावर मात्र तिघींचीही नजर असते.

“काऊन रडून राह्यलं वो?” पऱ्हाटीतून आवाज येतो.

“भूक लागली त्याले!”

आई कमरेची ओटी सोडून येते, पाजते, परत तासाला लागते. वेचणीची मजुरी किलोवर असते. लेकरापायी बसलेला अर्धा तास संध्याकाळी काट्यावर कमी भरतो. म्हणून चार-पाच आया आपसात ठरवून लेकरं एकत्र ठेवतात आणि पोरींच्या हातावर कधी चार पैसे, कधी बिस्किटांचा पुडा टेकवतात.

सुट्या संपतात, वेचणी मात्र पुढेही कित्येक आठवडे चालते. घरात आजी असेल तर निभावतं. नसेल तर आईची मजुरी बुडते, नाहीतर पोरीची शाळा.

ही अडचण जुनीच. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकट्याला घेऊन आलेल्या ताईला वर्गात बसता यावं.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. त्यांत सातपुड्यातलं धारणीही होतं. अंगणवाडी गावोगाव पोचली ती याच योजनेतून. पण तिथला वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा, आणि तोही काही तासांचा. झोळीतल्या लेकराचा आहार घरी येतो. त्याला दिवसभर सांभाळायला कोणी येत नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने या सांभाळण्याचं मोल ओळखलं होतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर एका बाईला फक्त त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. खाजगी शेतातल्या वेचणीला हा नियम लागू नव्हता.

दिवस कलला की गाठोडी काट्याला लागतात, मालक वहीत नावापुढे किलो लिहितो. पोरी लुगडं सोडतात, झटकतात, घडी घालतात. निजलेलं लेकरू एकीच्या खांद्यावरून आईच्या खांद्यावर जातं. वहीत पोरींची नावं नसतात.