खोबरेल आणि ‘एमसीटी’ तेल एक नव्हे

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलडाण्यात हिवाळ्याच्या सकाळी बाटलीतील खोबरेल तेल गोठते. जिल्ह्यात पिकणाऱ्या सोयाबीनचे व सरकीचे तेल मात्र पातळच राहते. खोबरेलापासून तयार होणारे ‘एमसीटी’ तेलही गोठत नाही. या फरकाचे मूळ रेणूच्या रचनेत आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात; म्हणून त्यास ट्रायग्लिसराइड म्हणतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. सोयाबीन व सरकीच्या तेलातील साखळ्या मुख्यत्वे १६ ते १८ कार्बनच्या असतात. त्यांपैकी बहुतेकींत दुहेरी बंध असल्याने त्या वाकतात, रेणू दाटीने रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहते. मात्र याच बंधांवर प्राणवायूची क्रिया होऊन तेल खवट होते.

खोबरेलातील जवळपास निम्मे मेदाम्ल १२ कार्बनचे लॉरिक आम्ल असते. दुहेरी बंध अत्यल्प असल्याने हे तेल टिकते. पण सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. त्यातील ८ व १० कार्बनची मेदाम्ले साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतात. तेवढीच वेगळी काढून ग्लिसरॉलशी पुन्हा जोडली की मध्यम साखळीचे, म्हणजेच ‘एमसीटी’ तेल तयार होते. आखूड साखळ्यांमुळे ते पातळ राहते आणि दुहेरी बंध नसल्याने सहसा खवट होत नाही. म्हणूनच जीवनसत्त्वांचे थेंब व सुगंधी अर्क यांसाठी ते वाहक म्हणून वापरतात.

शरीरातही त्यांचे मार्ग निराळे आहेत. ८ व १० कार्बनची मेदाम्ले आतड्यातून रक्तावाटे थेट यकृताकडे जातात. लांब साखळ्यांच्या पचनास पित्त लागते व त्या लसिकावाहिन्यांतून जातात. लॉरिक आम्लाचा मोठा भागही त्याच वाटेने जातो. म्हणूनच ज्यांना स्निग्ध पदार्थ पचत नाहीत अशा रुग्णांना डॉक्टर ‘एमसीटी’ सुचवतात. त्याऐवजी स्वस्त म्हणून घरचे खोबरेल दिल्यास हेतू साधत नाही.

उलटपक्षी, सोयाबीन तेलातून मिळणारी लिनोलिक व अल्फा-लिनोलेनिक ही अत्यावश्यक मेदाम्ले ‘एमसीटी’त नसतात, त्यामुळे आहारातील सर्व तेलाची जागा ते घेऊ शकत नाही. खरेदी करताना बाटलीवर ‘सी ८’ व ‘सी १०’ यांचे प्रमाण पाहावे. लॉरिक अर्थात ‘सी १२’ अधिक असेल, तर ते तेल नावाने ‘एमसीटी’ असले तरी गुणाने खोबरेलाच्याच जवळचे समजावे.